चढ कुणाच्या नावावर

सुट्टी संपवून निघताना जयराजनं बायकोला घराविषयी काही सांगितलं नाही. सांगितलं ते सायकलीविषयी.

"चेन पुसत जा. हवा कमी झाली तर पंप मार. हँडलवरचं मशीन अधनंमधनं चार्जिंगला लाव, न्हाईतर बॅटरी मरती. आन् कुणाला हात लावू देऊ नको."

"कोण लावतंय हात?" पूजा म्हणाली.

"तानाजी लावतोय. मागच्या बारीला गिअर टाकून बघत बसला हुता. शेजारी हाय म्हणून बोललो न्हाई."

जयराज शेलार सैन्यात नाईक होता. साताऱ्याहून मेढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं गाव. पातळ टायरची, वळलेल्या हँडलची ती सायकल त्यानं घेतली, तेव्हापासून ती घराच्या आतल्या खोलीत कपाटाला टेकून असायची. त्याची आई मनुबाई म्हणायची, "म्हस गोठ्यात आन् ही घरात. दूध कोण देतंय, ते तरी बघा."

जयराज गेला आणि पूजा सांगितल्याप्रमाणं चेन पुसू लागली, हवा भरू लागली. ती सकाळी गावातल्या दूध संकलन केंद्रात कामाला असायची. माप घ्यायचं, फॅट काढायची, पावत्या द्यायच्या. लोक गेले की केंद्र बंद करून ती मोकळी. एका सकाळी टायरमध्ये हवा बरोबर बसली की नाही हे बघायला म्हणून तिनं सायकल अंगणात आणली. अंगणात काही कळेना, म्हणून रस्त्यावर नेली. रस्त्यावर आल्यावर मग सीट पार खाली करून बसलीच.

पूजाचं माहेर इस्लामपूरजवळचं. हायस्कुलाला असताना ती उसाच्या फडांमधल्या रस्त्यानं रोज सायकलवरून जायची. समोरून वारा असला की मैत्रिणी उतरून चालायच्या, ही मान खाली घालून रेटत राहायची. लग्नानंतर सायकल सुटली, ती सुटली हेही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. आता दहा पावलांवर टायर डांबरावर सूं सूं वाजायला लागले आणि तिच्या पायांना सगळं आठवलं.

परत आली तेव्हा सासरे लालासाहेब ओट्यावर बसले होते. सुभेदार होऊन निवृत्त झालेला माणूस. पूजानं मान खाली घातली. ते उठले, सायकलीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सीट वर घे. गुडघा लय दुमडतोय तुझा."

त्या दिवसापासून ते दोघं आणि मनुबाई असं तिघांचं ते गुपित झालं. मुद्दाम लपवलं असं नव्हे. पण फोनवर जयराज विचारायचा, "सायकल बरी हाय का?" आणि मनुबाई खरंच सांगायची, "लय बरी हाय."

पूजा आधी मेढ्याच्या अंगानं फिरत राहिली. मग एकदा साताऱ्याकडं वळली. साताऱ्यापलीकडं बोगद्यापासून यवतेश्वरचा घाट सुरू होतो, हे तिला जयराजकडूनच माहीत होतं. दर सुट्टीत तो त्या घाटात जायचा आणि घामाघूम होऊन यायचा. "आज बी जमलं न्हाई," म्हणायचा. त्याचा स्वतःचा एक जुना विक्रम होता, तो त्याच्याकडूनच परत मोडत नव्हता. घाट नेमका कसा आहे, हे पूजाला बघायचं होतं.

पहिल्या वेळी ती निम्म्यात उतरली आणि कठड्यावर बसून राहिली. खाली सातारा उन्हात पसरला होता. दुसऱ्या वेळी थोडी वर जाऊन उतरली. मग कितीतरी सकाळी ती जात राहिली आणि एके दिवशी वरचं वळण आलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आज पाय जमिनीला लागलेलाच नाही. देवळापाशी सायकल उभी करून ती घोटभर पाणी प्यायली आणि घाट उतरली. घरी जाऊन म्हशीचं शेण काढायचं होतं.

निघताना ती हँडलवरच्या मशीनचं बटन दाबायची. दाबलं की आकडे पळायचे, घरी येऊन परत दाबलं की थांबायचे. तिला ते बघायला आवडायचं, एवढंच. ते मशीन घरातल्या वायफायला जोडलेलं होतं, आणि थांबवलं की सगळी फेरी, चढाच्या वेळेसकट, आपोआप सायकलवाल्यांच्या ॲपवर जात होती, जयराजच्या नावानं, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. बिनतारी असलं काही घडत असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

पण ते बघणारी माणसं होती. सांगली-साताऱ्याच्या सायकलवाल्यांचा 'कृष्णाकाठ सायकलस्वार' म्हणून एक व्हॉट्सॲप ग्रुप होता आणि जयराज त्यात जुना. ग्रुप चालवायचा सन्मती, सांगलीचा हळदीचा व्यापारी. कोण कुठं गेलं, कुणी किती चढ मारला, हे रोज ग्रुपवर पडायचं आणि त्यावर अंगठ्यांचा पाऊस व्हायचा. एका सकाळी सन्मतीनं ॲपवरचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "जयराजभाऊ सुट्टीवर आले आणि आम्हाला पत्ताही नाही! यवतेश्वरला स्वतःचाच जुना विक्रम मोडला. तोही चांगल्या फरकानं."

"फौजी तो फौजी!" कुणीतरी लिहिलं. कुपवाडला लेथचं वर्कशॉप असलेला पप्पू, ग्रुपमधला सगळ्यात वेगवान गडी, त्यानं लिहिलं, "आमाला सोडून एकटाच गेलास व्हय रं गड्या? बघतो तुला."

जयराज तेव्हा अशा ठाण्यावर होता, जिथं फोनला रेंज नव्हती. बऱ्याच दिवसांनी त्याची तुकडी खाली तळावर आली, फोन चालू केला आणि तो खिशात थांबेचना. शाब्बासक्या, सलाम, फुलांचे गुच्छ. त्याला वाटलं, ॲपची काहीतरी गडबड झाली. म्हणून त्यानं नकाशा उघडला. निळी रेघ त्याच्या स्वतःच्या दारातून निघत होती, साताऱ्यातून, बोगद्यावरून घाटात चढत होती आणि परत दारात येत होती. एकदा नाही, दिवसाआड.

त्यानं लगेच घरी फोन लावला. मनुबाईनं उचलला.

"आई, सायकल कुठं हाय?"

"हाय की. जाग्यावर हाय."

"तानाजीला दिली का?"

"त्येला कशाला देऊ?"

"आई, खरं सांग."

मनुबाईनं क्षणभर विचार केला आणि फोन सुनेच्या हातात दिला. "घे बाई. तुझं तू सांग."

"कोण चालवतंय सायकल?" जयराजनं विचारलं.

"मी," पूजा म्हणाली.

"तू?"

"व्हय."

"यवतेश्वरला तू गेली हुतीस?"

"व्हय. आदी आदी थांबावं लागायचं. आता न्हाई थांबत."

"पूजा, तू माझ्यापेक्षा लवकर चढलीस. तुला ठावं हाय का?"

तिला ठाऊक नव्हतं. त्यानं मग मशीन, वायफाय, ॲप, ग्रुप सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कोरडा होता. "सगळी मला शाब्बास म्हणत्यात," तो म्हणाला. "बघतो काय करायचं ते." आणि फोन ठेवला.

पूजानं दुसऱ्या दिवशी सायकलीला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. लालासाहेबांनी विचारलं, "का गं? पायात काटा मोडला का?"

"मामा, त्यास्नी राग आलाय."

"राग न्हाई त्यो." लालासाहेब सुपारी कातरत म्हणाले. "हारल्यावर सलाम ठोकायला जरा येळ लागतो माणसाला. त्यात घरच्याच माणसाला ठोकायचा. थांब जरा."

त्या थांबण्यात पूजाच्या मनात भीतीबरोबर आणखी एक गोष्ट हलत होती, आणि ती तिला कुणाला सांगता येत नव्हती. तू माझ्यापेक्षा लवकर चढलीस. दुधात फॅटची नळी घालतानाही ते वाक्य तिला ऐकू यायचं आणि आपण हसतोय हे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळायचं.

जयराजचा फोन आला तो संध्याकाळी, धारेच्या वेळी.

"पहिल्यांदा लागलं मला," त्यानं सुरुवातच तशी केली. "खोटं कशाला बोलू? इतकी वर्सं मी त्या घाटात मरतोय. मग ग्रुपवरचं समदं परत वाचलं. वाचताना बरं वाटायचं आन् तोंड कडू बी व्हायचं. माझं न्हवंच ते."

"मी मुद्दाम न्हाई केलं वो."

"आगं, ते कळलंय मला. आता ऐक. ह्या फेऱ्या तुझ्या नावावर करायला बघितल्या. हुईत न्हाईत. मशीन म्हणतंय जयराज, म्हंजे जयराज. ठिवल्या तर माझ्या नावावर ऱ्हात्यात. पुसल्या तर कुणाच्याच न्हाईत. तू सांग."

पूजानं दुधाची चरवी खाली ठेवली. "पुसल्या म्हंजे मी चढलीच न्हाई, असं हुतंय का?"

"ॲपच्या हिशेबानं व्हय."

"ठिवल्या तर लोक तुमालाच शाब्बास म्हणणार."

"म्हणणार."

त्या सगळ्या सकाळी तिला आठवल्या. कठड्यावर बसून राहिलेली पहिली, आणि पाय न टेकलेली ती एक. मग ती म्हणाली, "पुसून टाका. घाट कुठं पळून जातोय? परत चढते."

जयराज हसला. बऱ्याच दिवसांनी तसा हसला.

त्या संध्याकाळी त्यानं ग्रुपवर लिहिलं. पूजाला ते त्यानंच पाठवलं, म्हणून तिला वाचता आलं.

"मित्रांनो, मी सुट्टीवर आलेलो नाही. यवतेश्वरचा विक्रम मी मोडलेला नाही. माझी सायकल, माझं मशीन, पण पाय माझी पत्नी पूजा हिचे. मशीन तिच्या फेऱ्या माझ्या नावानं पाठवत होतं आणि तिला ते माहीत नव्हतं. त्या सगळ्या फेऱ्या मी आज काढून टाकल्या आहेत. तुमच्या शाब्बासक्या परत करतो. ज्याच्या त्याला पोचवाव्यात ही विनंती."

सगळ्यात आधी पप्पूनं लिहिलं, "परवा मी तोच चढ मारला, फक्त जयराजला मागं टाकायला. न्हाई जमलं. वहिनी, नमस्कार घ्या." त्यानंतर धरण फुटल्यासारखं झालं. सन्मतीनं पूजाचा नंबर ग्रुपमध्ये घेतला. आणि सांगलीच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या ब्राह्मीताईंनी एवढंच लिहिलं, "पूजा, पुढच्या रविवारी सातारा ते महाबळेश्वर. मेढा, केळघर घाटानं. तू येणार आहेस."

जयराजनं फोनवरून सांगत सांगत पूजाला तिच्या स्वतःच्या फोनवर ॲप घ्यायला लावलं. नाव टाकायच्या रकान्यात तिनं 'पूजा शेलार' लिहिलं आणि ते कितीतरी वेळ बघत बसली.

दुसऱ्या दिवशी केंद्र बंद करून ती यवतेश्वरला गेली. इतक्या दिवसांची विश्रांती, त्यात अंगात नवा हुरूप. बोगद्यापासून जी निघाली ती देवळापर्यंत थांबलीच नाही. छाती भात्यासारखी चालत होती. वर पोचून तिनं फोन काढला आणि बघितलं, तर सुरू करायचं बटन दाबायचंच राहिलं होतं. आकडे सगळे शून्य.

देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या म्हातारीनं विचारलं, "का गं पोरी, एकटीच हसतीस?"

"काय न्हाई आज्जी. लय भारी चढली आज, आन् कुणाला दावायला काय बी न्हाई."

"मी बघितलं की," म्हातारी म्हणाली. "त्या वळणावरनं वर आलीस ते."

पूजानं तिच्याकडून एक नारळ घेऊन देवाला फोडला.

रविवारी उजाडता उजाडता साताऱ्यात सगळे जमले. नावांना आता तोंडं आली. सन्मती तिला वाटला होता त्यापेक्षा जाड आणि हसरा निघाला. पप्पू बोलण्यात दांडगा, पण तिच्यासमोर लाजला. ब्राह्मीताई किरकोळ अंगाच्या, पिकलेले केस हेल्मेटमध्ये कोंबलेल्या. पूजा यांच्यात कुणाशी काय बोलावं न कळून मागं मागं राहिली. मेढ्याला सगळ्यांनी चहा-पोहे घेतले. पूजाला चारचौघांत पुरुषमाणसांपुढं खायचा संकोच वाटला. "घरनं खाऊन आलेय," ती म्हणाली. खरं तर पहाटे कपभर चहा पिऊन निघाली होती.

केळघरच्या घाटात ते भोवलं. निम्मा घाट चढेपर्यंत ती पप्पूच्या मागोमाग होती. एकाएकी पायांतलं बळ कुणी काढून घेतल्यासारखं झालं. डोळ्यांपुढं रस्ता हलायला लागला. ती कडेला उतरली आणि दगडावर बसली. पुसलेल्या फेऱ्या, शून्य आकडे आणि आता हे. तिला वाटलं, ग्रुपवर आज सगळे लिहितील, यवतेश्वरला जमलं ते मशीनच चुकलं असेल.

ब्राह्मीताई मागून आल्या. एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं आणि खिशातून चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर असं काढून तिच्या ओंजळीत ओतलं.

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

"कपभर चहा."

"खा. मी सांजंला दिवस बुडायच्या आत जेवते, नंतर पाण्याशिवाय काही नाही. आमच्या जैनांत तसंच असतं. पहिल्यांदा मी सकाळी अशीच रिकाम्या पोटी निघाले आणि चक्कर येऊन पडले होते, तासगावच्या रस्त्याला. तवापासनं दिवसभर खिसा भरलेला असतो माझा. सायकलवाल्या बाईनं लाजून चालत नाही. पोटाला तर अजिबात नाही."

"तुमी व्हा म्होरं ताई. तुमाला उशीर हुईल."

"कुठं लग्न चुकणार आहे? खा."

पूजानं सगळं खाल्लं, बोटं चाटून खाल्लं. दोघी थोडा वेळ दरीकडं बघत बसल्या. मग पूजा उठली, सायकल उभी केली आणि हळू लयीत पाय मारायला लागली, शाळेच्या वाटेवर वाऱ्यात मारायची तशी. थोड्याच वेळात तिनं सन्मतीला गाठलं. "आवं वहिनी, हळू!" तो हाफत ओरडला. वळणामागून वळण गेलं. झाडी दाट झाली, हवा गार झाली, आणि रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीची शेतं दिसू लागली. पर्यटकांची एक टॅक्सी तिच्या बरोबरीनं आली. ड्रायव्हरनं काच खाली केली.

"ताई, कुठनं आलाय?"

"साताऱ्यातनं. घाटानं."

त्यानं मागच्या सीटवरच्या माणसांना काहीतरी सांगितलं आणि गाडीतून टाळ्या वाजल्या. पूजानं एक हात सोडून कपाळाला लावला, सासऱ्यांसारखा, कडक.

पप्पू वर केव्हाच पोचला होता. बाकीच्यांत ती पहिली. येताना वाटेतच तिचं गाव लागलं. बाकीचे पुढं साताऱ्याला गेले आणि ती एकटी घराकडं वळली, तेव्हा दिवस कलला होता. मनुबाई रस्त्यावरच उभी होती. आल्या आल्या पूजानं फोन काढून बघितला. बटन दाबलेलं होतं. सगळी रेघ होती, साताऱ्यापासून वरपर्यंत आणि परत दारापर्यंत. वर नाव होतं, पूजा शेलार.

"आता लिव की गं," मनुबाई म्हणाली. "बाकीची लिवत्यात तसं."

पूजानं ओट्यावर बसून लिहिलं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं.

"मी पूजा. आज पहिल्यांदा माझ्या नावावर सायकल चालवली. महाबळेश्वरला गेले. घाटात उपाशी होते म्हणून बसावं लागलं. ब्राह्मीताईंनी खायला घातलं, मग परत चढले. कुणी मला ढकललं नाही, कुठं उतरून चालले नाही. याआधी यवतेश्वरला पण चढलेय, पण ते आता कुठं दिसणार नाही. ते माझं मला माहीत आहे. माझ्या घरच्यांना माहीत आहे. सीट किती वर घ्यायची ते सासऱ्यांनी सांगितलं. म्हशीचं सासूबाईंनी बघितलं. पुढच्या वेळी पप्पूभाऊंच्या आधी पोचायचा विचार आहे."

शेवटचं वाक्य ठेवावं की नाही, हा तिला प्रश्न पडला. मनुबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. खरंच हाय न्हवं?"

पप्पूनं सगळ्यात आधी अंगठा दिला.

जयराजला ते कळायला दोन-चार दिवस गेले. सकाळी केंद्रात गर्दी होती. बनाबाईची किटली मापावर होती, मागं तात्याबा, त्यांच्या मागं आणखी रांग. पूजाचा फोन वाजला. तिनं खांदा आणि कानाच्या मधे धरला.

"वाचलं," जयराज म्हणाला. मागं पुष्कळ माणसांचा गलका होता. "मी एकट्यानं न्हाई, मोठ्यानं वाचलं. समदी ऐकत हुती. साहेब बी आलं. त्यांनी इचारलं, कौन है ये?"

"मग? तुमी काय म्हणला?"

"म्हणलं, साहब, मेरी घरवाली है. और मुझसे तेज चढती है."

पूजानं किटली खाली ठेवली, हात पुसले, फोन समोरच्या टेबलावर ठेवला आणि स्पीकरचं बटन दाबलं. रांगेतली माणसं माना पुढं काढून बघू लागली.

"ऐकू आलं न्हाई वो," ती म्हणाली. "परत एकदा म्हणा की. जरा मोठ्यानं."